डायपर रॅश : बाळाला ट्यूब नको, हवा हवी

बाळाची शी-शूची जागा लाल झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठली ट्यूब लावू?" आई हा प्रश्न आजीला विचारते, मैत्रिणीला विचारते, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. बाबा संध्याकाळी घरी येताना मेडिकलमध्ये विचारतात. उत्तर लगेच मिळतं आणि एक छोटीशी ट्यूब घरी येते. दुसऱ्या दिवशी लाली निम्मी होते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि ती ट्यूब फ्रिजच्या दारात कायमची मुक्काम ठोकते. पुढच्या वेळी कुणाला विचारावंही लागत नाही.

आज मला त्या ट्यूबबद्दल बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. साधा डायपर रॅश हा घरच्या घरी बरा होणारा त्रास आहे. त्याला पाणी, मोकळी हवा, वेळेवर बदललेलं डायपर आणि त्वचेवर जाड थर धरणारं साधं मलम एवढंच लागतं. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब मात्र डॉक्टरांनी बाळाला पाहिल्याशिवाय त्या जागी एकदाही लावू नये.

हे मत काहींना टोकाचं वाटेल. "आमच्या बाळाला तर लगेच गुण आला," असं तुम्ही म्हणाल. तो गुण का येतो आणि त्याची किंमत काय असते, हे समजलं तर तुम्हालाही ते पटेल असं वाटतं.

डायपर रॅश म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा डायपर रॅश हा "इन्फेक्शन" नसतो. ती त्वचेची जळजळ असते. तासन् तास ओली राहिलेली त्वचा मऊ आणि फुगीर होते. पाण्यात खूप वेळ हात घातल्यावर आपली बोटं सुरकुततात, तसंच काहीसं. अशी त्वचा डायपरवर किंवा लंगोटावर घासली की लगेच सोलवटते.

त्यात शीची भर पडते. शीमध्ये अन्न पचवणारे पाचकरस उरलेले असतात. प्रथिनं आणि चरबी फोडणं हे त्यांचं काम, आणि बाळाची त्वचाही त्यांचीच बनलेली. शू आणि शी एकत्र आली की शीतल्या जिवाणूंमुळे शूमधून अमोनिया तयार होतो, त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा कमी होतो आणि हे पाचकरस आणखी जोरात काम करू लागतात. म्हणजे नुसत्या शूने भिजलेल्या डायपरपेक्षा शू आणि शी एकत्र असलेलं डायपर कितीतरी जास्त त्रासदायक.

यावरून काही गोष्टींचा उलगडा होतो. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत हे पाचकरस कमी आणि आम्लपणा जास्त असतो, म्हणून त्याला हा त्रास तुलनेने कमी होतो. उष्टावण झाल्यावर, वरचं खाणं सुरू झाल्यावर शीचं रूप बदलतं आणि रॅश वाढतो. साधारण ९ ते १२ महिन्यांच्या वयात तो सर्वांत जास्त दिसतो. जुलाब लागले किंवा सर्दी-कानदुखीसाठी अँटिबायोटिक सुरू झालं की दोन दिवसांत ढुंगण लाल होतं, तेही याच कारणाने. अँटिबायोटिकमुळे शी पातळ होते आणि बुरशीलाही वाव मिळतो.

तेव्हा "आईने काहीतरी उलटसुलट खाल्लं" किंवा "नीट लक्ष दिलं नाही" म्हणून रॅश झाला, असं म्हणणं सोडून द्या. अगदी काळजीने सांभाळलेल्या बाळालाही तो होतो.

मग त्या ट्यूबमध्ये असतं काय?

ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर लावा, मोबाईलने फोटो काढून मोठा करा, पण वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. सोबत क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि निओमायसिन किंवा जेंटामायसिन हे अँटिबायोटिक असेल तर ती "सगळ्यावर एकच" ट्यूब आहे.

बऱ्याचदा ही ट्यूब बाळासाठी आणलेलीही नसते. घरात कुणाला तरी गजकर्ण झालेलं असतं, जांघेत खाज आलेली असते, तेव्हाची ती उरलेली असते. "त्याला गुण आला, बाळालाही येईल" या विचाराने ती लावली जाते.

कल्पना वरवर सोयीची वाटते. बुरशी असेल तर बुरशीनाशक काम करेल, जंतू असतील तर अँटिबायोटिक, आणि लाली स्टिरॉइड घालवेल. निदान करायची गरजच नाही! पण साध्या रॅशमध्ये बुरशीही नसते आणि जंतूंची लागणही नसते. मग तीनपैकी दोन औषधं विनाकारण आणि तिसरं धोक्याचं, असा हा हिशेब होतो. निओमायसिनची तर त्वचेला अॅलर्जीही येऊ शकते.

गुण येतो तो कसा?

स्टिरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि दाह दाबतं. लाली ओसरते, बाळाची चुळबुळ थांबते. पण त्वचा ओली राहण्याचं, घासण्याचं, शी लागण्याचं कारण तसंच राहतं. ट्यूब थांबवली की लाली परत येते. मग पुन्हा ट्यूब. असं करता करता चार दिवसांचं औषध चार महिने चालतं.

तिथे बुरशी असेल तर आणखी पंचाईत. स्टिरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते. वरून लाली कमी दिसते आणि आतल्या आत बुरशी पसरत जाते. बाळ आमच्याकडे येतं तेव्हा त्या रॅशचं मूळ रूपच बदललेलं असतं आणि निदान अवघड होऊन बसतं.

बाळाची ही जागा वेगळी का?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगते.

अंगावरच्या प्रत्येक जागेची त्वचा औषध सारखंच शोषून घेत नाही. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी प्रौढ माणसांवर हे मोजलं. हाताच्या पुढच्या भागाच्या त्वचेतून जेवढं स्टिरॉइड शरीरात शिरलं, त्याच्या सुमारे ४२ पट अंडकोषाच्या त्वचेतून शिरलं. ही मोठ्या माणसाची, धडधाकट, कोरडी त्वचा होती.

आता बाळाचा विचार करा. त्याची त्वचा नाजूक, त्यात रॅशमुळे सोलवटलेली. वर डायपरचं घट्ट, दमट आवरण. त्वचारोगात औषध जास्त आत जावं म्हणून आम्ही कधी कधी मलमावर मुद्दाम प्लास्टिक गुंडाळायला सांगतो. बाळाच्या बाबतीत ते काम डायपर आपोआप करतं. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे मटारच्या दाण्याएवढं मलमही त्याच्यासाठी थोडं नसतं.

असं रोज, आठवड्यामागून आठवडे स्टिरॉइड शरीरात जात राहिलं तर काय होतं? त्वचा पातळ होते, तिच्यावर पांढरट-जांभळट चिरा उमटतात. काही बाळांना त्या जागी लालसर-जांभळ्या गाठी येतात. आणि औषध रक्तात पुरेसं पोचलं तर मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम मंदावतात. चेहरा गोल होतो, गाल फुगतात, वजन वाढतं, अंगावर लव वाढते आणि उंची मात्र अडते. डायपरच्या जागी तीव्र स्टिरॉइड लावल्यामुळे असं झालेल्या बाळांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

यात फसवी गोष्ट कोणती, सांगू? गाल फुगलेलं बाळ आपल्याकडे "गुटगुटीत" म्हणून कौतुकाचं ठरतं. येणारे-जाणारे म्हणतात, "छान बाळसं धरलंय हो!" त्यामुळे बिघडतंय हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. अशा बाळाला ताप किंवा जुलाब झाले तर शरीराला जे जास्तीचं नैसर्गिक स्टिरॉइड लागतं ते मंदावलेल्या ग्रंथी देऊ शकत नाहीत, आणि साधा आजार गंभीर होऊ शकतो.

म्हणूनच इथे एक सूचना. तुमच्या बाळाला अशी ट्यूब कित्येक आठवडे लावत असाल तर घाबरून एका दिवसात बंद करू नका. ट्यूब हातात घेऊन बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ती कशी थांबवायची हे ते सांगतील. एक-दोन दिवसच लावली असेल तर थांबवा आणि निश्चिंत राहा.

"वरून लावायचं तर आहे!"

"पोटात थोडंच द्यायचंय, वरून तर लावायचंय," हे वाक्य मी फार ऐकते. त्याला उत्तर म्हणून एक घटना सांगते. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या टाल्कम पावडरच्या काही मालात हेक्साक्लोरोफिन नावाचं जंतुनाशक चुकून ६ टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं. ही पावडर आया नेहमीप्रमाणे बाळांच्या शी-शूच्या जागी लावत राहिल्या. २०४ मुलं आजारी पडली आणि त्यांतली ३६ दगावली. कुणीही पोटात काही दिलं नव्हतं. जे गेलं ते त्वचेतून गेलं आणि थेट मेंदूवर परिणाम करून बसलं.

स्टिरॉइडची ट्यूब म्हणजे तसं विष आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुद्दा इतकाच की डायपरखालची त्वचा म्हणजे भिंत नव्हे, ती चाळण आहे. तिथे जे लावाल ते बाळाच्या पोटात गेल्यासारखंच समजा.

याच कारणाने जुनी बोरिक पावडरही नको. सोललेल्या त्वचेतून ती आत शिरून बाळांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. साधी टाल्कम पावडरही नको, कारण तिचे कण उडून बाळाच्या श्वासात जातात आणि ओल्या जागी तिचे खरखरीत गोळे बनून घासतात.

घरी काय करायचं?

आता कामाचं बोलू. रॅश दिसल्या दिवसापासून पुढच्या पाच गोष्टी करा.

१. हवा द्या. दिवसातून तीन-चार वेळा, अर्धा-अर्धा तास बाळाला काहीही न बांधता मोकळं ठेवा. खाली रबरी शीट, तिच्यावर जुनं मऊ सुती दुपटं. गादी ओली होईल, दुपटी जास्त धुवावी लागतील, हे खरं आहे. पण या उपायाला पैसे लागत नाहीत आणि दुष्परिणामही नाही. थंडीच्या दिवसांत वरून झबलं, टोपडं असू द्या, खालचा भाग तेवढा मोकळा ठेवा. शेक-शेगडी किंवा हेअर ड्रायर मात्र त्या जागी नको. भाजण्याची भीती असते.

२. डायपर वेळेवर बदला. शी झाली की लगेच, नाहीतर दर दोन-तीन तासांनी. पाकिटावर "१२ तास कोरडं" असं लिहिलेलं असतं, ते शूपुरतं. शीला ते लागू होत नाही. रॅश असेपर्यंत रात्रीही एकदा तपासा. डायपर एक माप मोठं आणि सैल बांधा, म्हणजे आत हवा खेळेल.

३. साध्या पाण्याने धुवा. कोमट पाणी आणि कापूस किंवा मऊ सुती कापड पुरेसं आहे. शी चिकटली असेल तर खोबरेल तेलाच्या बोळ्याने हलकेच सोडवा. दर वेळी साबण नको. पाण्यात अँटिसेप्टिकचे थेंब नकोत, त्याने जळजळ वाढते. मुलीला धुताना पुढून मागे. पुसताना चोळू नका, टिपून घ्या. वाइप्स वापरायचेच असतील तर वास आणि अल्कोहोल नसलेले. घरी असताना पाणीच बरं.

४. जाड थर द्या. जागा कोरडी झाली की झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. भाकरीवर लोणी लावतो तसा जाड थर हवा, चोळून जिरवायचं नाही. या मलमाचं काम औषध पोचवण्याचं नाहीच. रेनकोटसारखं ते शी-शू आणि त्वचा यांच्या मध्ये उभं राहतं. पुढच्या वेळी स्वच्छ करताना शी लागलेला वरचा थर तेवढा काढा. खालचं पांढरं मलम खरवडून काढायचा अट्टहास नको. त्यावरच नवा थर द्या.

५. घरगुती प्रयोग आवरा. हळद, लिंबू, कडुनिंबाचा पाला चोळणं, डाळीचं पीठ लावून घासणं हे सोललेल्या त्वचेवर नको. मालिशवाल्या मावशींना स्पष्ट सांगा, "मावशी, रॅश बरा होईपर्यंत खाली पीठ लावू नका." मावशी रागावणार नाहीत. आणि रागावल्या तरी चालेल.

एवढं नीट केलं तर साधा रॅश दोन-तीन दिवसांत दिसण्याइतका कमी होतो.

जुलाबांमुळे रॅश झाला असेल तर आधी जुलाबांकडे पाहा. बाळ अंगावर पीत असेल तर ते चालू ठेवा. ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंकचं औषध पूर्ण दिवस द्या. शी थांबल्याशिवाय ढुंगण बरं होत नाही.

लंगोट बरा की डायपर?

यावरून घराघरांत सासू-सुनेचे खटके उडतात. आजी म्हणतात, "आमच्या वेळी लंगोट होते, कुठे होत होतं असलं काही?" होत होतं, आजी. १९०५ साली जाके नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी या रॅशचं वर्णन लिहून ठेवलं आहे आणि तेव्हा पॅम्पर्सचा पत्ताही नव्हता. ते बाजारात आले १९६१ साली.

चांगलं, शोषून घेणारं डायपर वेळेवर बदललं तर ते ओल्या लंगोटापेक्षा त्वचा कोरडी ठेवतं. दुसरीकडे, लंगोट असला की ओला झाल्याचं लगेच कळतं आणि तो लगेच बदलला जातो. दोन्ही चालतात. चालत नाही ते म्हणजे लंगोटावर प्लास्टिकची चड्डी. त्यात हवाही जात नाही आणि ओलही शोषली जात नाही.

लंगोट वापरत असाल तर ते सौम्य साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळून घ्या, साबण अंशभरही राहू देऊ नका. उन्हात वाळवा. पावसाळ्यात वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. दमट लंगोट बांधू नका.

बुरशी कशी ओळखायची?

साधा रॅश उंचवट्यांवर असतो. कुल्ल्यांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे डायपर टेकतं तिथे. जांघेतली घडी बऱ्याचदा वाचलेली असते. बुरशी याच्या उलट. ती घडीत शिरते. त्वचा भडक लाल, कडा ठळक, आणि मुख्य चट्ट्याच्या आजूबाजूला सुटे सुटे लाल पुळीसारखे ठिपके. तोंडात जिभेवर, गालांच्या आत पुसून न निघणारा पांढरा थर असेल तर शंका आणखी पक्की.

असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. उपाय सोपा असतो. एकच औषध असलेलं साधं बुरशीनाशक मलम, ते सांगतील तितके दिवस. त्याचा पातळ थर आधी, आणि त्यावर झिंक ऑक्साइडचा जाड थर. इथेही तिहेरी ट्यूबची गरज नाही.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

पुढीलपैकी काहीही असेल तर घरी वाट पाहू नका.

- तीन दिवस नीट काळजी घेऊनही फरक नाही, किंवा रॅश वाढतोय.
- बाळ एक महिन्याहून लहान आहे.
- ताप आहे, बाळ सुस्त आहे, पीत नाही.
- पाण्याने भरलेले फोड, पू, पिवळी खपली किंवा रक्त दिसतंय.
- रॅश पोटावर, पाठीवर, चेहऱ्यावर पसरलाय.
- तोंडाभोवती आणि शीच्या जागी दोन्हीकडे चट्टे, सोबत सततचे जुलाब, केस गळणं, वजन न वाढणं. ही शरीरातल्या झिंकच्या कमतरतेची खूण असू शकते.
- रॅश पुन्हा पुन्हा होतोय.
- जुलाबांसोबत शू कमी झालीय, तोंड कोरडं पडलंय, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही. अशा वेळी लगेच न्या.

मग स्टिरॉइड कधीच नको का?

असं नाही. कधी कधी दाह फार असतो किंवा इसबासारखा दुसरा त्वचाविकार असतो. तेव्हा आम्ही अगदी सौम्य स्टिरॉइड, पातळ थरात, मोजके दिवस देतो. स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे. ते कुणाला, कोणतं, किती दिवस द्यायचं हे ठरवलेलं नसेल तर तेच औषध अंगावर उलटतं.

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं तर संकोच न करता तीन प्रश्न विचारा. "यात स्टिरॉइड आहे का? किती दिवस लावायचं? बरं वाटलं की थांबवायचं का?" चिठ्ठीवर दिवस लिहून मागा. हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. माझ्या व्यवसायातले काही जणही घाईत तिहेरी ट्यूब लिहून मोकळे होतात आणि दिवस लिहायचे राहतात. तुमच्या प्रश्नाने तेही दोन मिनिटं थांबतील.

कायदा आहे, पण...

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडांचा शेड्यूल एचमध्ये समावेश केला. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही मलमं विकायची नाहीत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, या गैरवापराविरुद्ध बरीच वर्षं मोहीम चालवत आली आहे. तरीही काउंटरवर "भाऊ, बाळाला लाल झालंय, काहीतरी द्या" म्हटलं की ट्यूब मिळते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

सगळा दोष मेडिकलवाल्यांच्या माथी मारणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. रात्री नऊ वाजता दमलेला बाप समोर उभा असतो. दवाखाना बंद झालेला असतो, नाहीतर फी परवडणारी नसते, किंवा बालरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावी असतात. मेडिकलवाला त्याला मदतच करू पाहतो. म्हणून माझं सांगणं असं की काउंटरवरचा प्रश्नच आपण बदलू या. "काहीतरी द्या" म्हणू नका. "झिंक ऑक्साइडचं साधं मलम द्या, स्टिरॉइड नको," असं नाव घेऊन मागा. आणि मेडिकलवाल्या मित्रांना विनंती, बाळासाठी मलम मागितलं तर तुम्हीही हेच पुढे करा. विक्री तुमचीच होईल आणि बाळही सुखरूप राहील.

नोकरीला जाणाऱ्या आईला मी "दर दोन तासांनी डायपर बदला" सांगते, तेव्हा मला कल्पना असते की दिवसभर बाळ पाळणाघरात किंवा आजीकडे असतं. म्हणून हा लेख फक्त आईसाठी नाही. बाबांनी वाचावा, आजी-आजोबांना वाचून दाखवावा, पाळणाघरातल्या ताईंना पाठवावा. बाळाचं ढुंगण कोरडं ठेवणं हे एकट्या आईचं काम नाही. ते घराने वाटून घेतलं तर ट्यूबची गरजच फार कमी वेळा पडेल.

आज एक छोटं काम करा. फ्रिजचं दार आणि औषधांचा डबा उघडा. अर्धवट वापरलेल्या सगळ्या ट्यूब बाहेर काढा आणि नावं वाचा. वर दिलेल्या यादीतलं एखादं नाव दिसलं आणि ती ट्यूब घरात कुणाच्या चालू उपचाराची नसेल, तर ती फेकून द्या. तिच्या जागी झिंक ऑक्साइडचं एक मलम आणून ठेवा. पुढच्या वेळी रात्री बाळ लाल ढुंगणाने रडत उठेल, तेव्हा अर्धवट झोपेत तुमचा हात नेमक्या त्याच मलमावर पडेल.